दुसऱ्याच्या चाकामागची हवा

महाराष्ट्रातलं हौशी सायकलिंग वाढलं ते लांब पल्ल्याच्या जोरावर. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या आत संपवायची, मग तीनशे, चारशे, सहाशेकडे वळायचं, ही इथली रुळलेली वाट. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. दमसासाच्या बाबतीत इथले सायकलपटू कुणाला हार जाणारे नाहीत. तरीही दोनशे किलोमीटर हसतखेळत मारणारा एखादा गडी रविवारी पहाटे वेगवान ग्रुपबरोबर निघाला, की बऱ्याचदा अर्ध्या तासातच मागे पडतो. एखादं वळण येतं, पुढचे सीटवरून उठून जोर लावतात, दोन सायकलींएवढी फट पडते आणि मग ती काही केल्या भरून निघत नाही.

पाय कमी पडले, असं त्याला वाटतं. पण बहुतेक वेळा त्याने ग्रुपमध्ये राहूनही एकट्यानेच सायकल चालवलेली असते.

यामागचं गणित हवेचं आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरलं, तर ताशी ३० किलोमीटरला साधारण १४० ते १५० वॅट पुरतात. ताशी ४० ला मात्र जवळपास ३०० वॅट लागतात. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि मेहनत दुप्पट झाली. नियमित सराव करणारा हौशी सायकलस्वार ३०० वॅट काही मिनिटं काढू शकेल; तासभर काढणारे फार थोडे. मग ताशी ४० ने पळणाऱ्या घोळक्यात इतके जण टिकतात कसे?

१९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’त याची मोजमापं प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष सायकल चालवताना स्वार किती प्राणवायू वापरतो, हे त्यांनी तपासलं होतं. दुसऱ्याच्या मागे राहिलं, की ताशी ३२ किलोमीटरला प्राणवायूचा वापर सरासरी १८ टक्क्यांनी घटला, ताशी ४० ला २७ टक्क्यांनी. पुढे रांगेत एक जण असो, दोन असोत वा चार, बचत तेवढीच राहिली. पण आठ जणांच्या घोळक्याच्या मागे राहिल्यावर ती ३९ टक्क्यांवर गेली. २०१८ मध्ये बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या घोळक्याचा, अभ्यास पवनबोगद्यात आणि संगणकावर केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्याने जाताना लागतो त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. सगळ्यात पुढच्यालाही मागच्याचा थोडा लाभ होतो. त्याच्या पाठीमागे तयार होणारी कमी दाबाची पोकळी मागचा स्वार काही अंशी भरून काढतो.

ही बचत पदरात पाडून घ्यायची तर पुढच्या चाकाच्या जवळ राहावं लागतं, साधारण अर्ध्या मीटरवर. नवख्याची पहिली कसोटी इथे लागते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत पाव सेकंद जरी गेला, तरी सायकल अडीच मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पुढच्याने अचानक जोरात ब्रेक मारला, तर प्रतिक्षिप्त क्रियेच्या भरवशावर वाचणं कठीण. म्हणूनच मुरलेले स्वार पुढच्या टायरवर नजर खिळवत नाहीत. त्यांची नजर पुढच्याच्या खांद्यावरून आणखी तीन-चार जणांपलीकडे असते. वेग किंचित कमी करायचा तर ब्रेकला हात न लावता ते क्षणभर पेडल हलकं करतात, नाहीतर घोळक्याच्या आडोशातून थोडं बाजूला सरकून छातीवर वारा घेतात. ‘खड्डा!’, ‘स्पीड ब्रेकर!’, ‘गाडी मागे!’ या हाका रांगेतून पुढे-मागे जात राहतात. आपल्या रस्त्यांवर तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा धोका चाकं एकमेकांशेजारी येण्याचा. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं आणि तो जरासा सरकला, की दोन्ही टायर घासतात. पडतो तो जवळजवळ नेहमी मागचा. सायकल उभी राहते ती हँडलच्या बारीक बारीक हालचालींमुळे. ती ज्या बाजूला कलते, त्या बाजूला पुढचं चाक वळतं आणि सायकल पुन्हा स्वाराच्या भाराखाली येते. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे सायकल सावरते, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तो परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली. तीही स्वाराविना धावताना स्वतःला सावरत होती. महत्त्वाचं आहे ते कलत्या बाजूला चाक वळणं, आणि घासलेल्या टायरमुळे नेमकं तेच अडतं. अशा पडण्यात हात पुढे जातो आणि बऱ्याचदा गळपट्टीचं हाड मोडतं.

हे कौशल्य महामार्गावर, ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत शिकायचं नसतं. वाहतूक नसलेला रस्ता, चार ओळखीचे जोडीदार आणि ताशी २५ चा वेग, यात सुरुवात करावी. शहराशहरांतल्या क्लबांनी नव्या सभासदांसाठी असे वर्ग नेमाने घ्यायला हवेत. आज लाखभर रुपयांची कार्बनची चाकं घेणारे खूप दिसतात. अर्ध्या मीटरवर न बिचकता सायकल चालवणारे त्या मानाने कमी. आडोसा मिळतो म्हणून ट्रकमागे लागणं तर निव्वळ जिवाशी खेळ आहे. ट्रकखालून अचानक येणारा खड्डा कुणी हाक मारून सांगत नाही.

रांगेत पुढे राहून वारा झेलण्याची आपली पाळी आली, की नवखा हमखास वेग वाढवतो. मागच्यांना आपला दम दाखवावासा वाटतो. त्याने रांग ताणली जाते, शेवटच्याची दमछाक होते आणि स्वतः बाजूला होऊन मागे जाताना त्याच्यातच शेवटचं चाक पकडायचं त्राण उरत नाही. पुढे आल्यावर वेग तोच ठेवायचा, थोडा वेळ ओढायचं आणि पाय शिल्लक असतानाच बाजूला व्हायचं.

शर्यतीत मात्र वेग कधीच एकसारखा नसतो, आणि बीआरएमवाल्यांची खरी अडचण हीच. प्रत्येकाची एक उंबरठा-शक्ती असते. तिच्याखाली माणूस बराच वेळ टिकतो. तिच्यावर गेलं, की एक मर्यादित साठा संपू लागतो. १९६५ मध्ये मोनो आणि शेरर यांनी स्नायूंच्या कामाबाबत मांडलेली ही कल्पना आज सायकलिंगच्या प्रशिक्षणात सर्वत्र वापरली जाते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणली तर हे पटकन कळतं. पंप चढवतो तेवढंच पाणी वापरलं तर टाकी भरलेली राहते; जास्त नळ सोडले की ती उतरू लागते, आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. एखाद्याचा उंबरठा २२० वॅट आणि साठा १८ किलोज्यूल असेल, तर ३२० वॅटने तो बरोबर तीन मिनिटांत रिकामा होतो.

आता सुरुवातीचं ते वळण पाहू. पुढचे स्वार वेग फारसा न मोडता वळतात. मागे गर्दी होते, ब्रेक लागतात, वेग ताशी २५ वर येतो. तोवर पुढचे ३८ ने निघून गेलेले असतात. ८० किलोचं वजन २५ वरून ३८ वर न्यायला सुमारे अडीच हजार ज्यूल लागतात. हे सहा सेकंदांत करायचं म्हणजे नेहमीच्या मेहनतीवर ४२० वॅट ज्यादा. एका तासात अशी चाळीस वळणं आली, की शेपटीला असलेल्याचा साठा कधीच संपलेला असतो. पहिल्या दहा-पंधरांतला मात्र तेवढ्याच अंतरात गप्पा मारण्याइतका ताजा असू शकतो.

साठा आणि उंबरठा दोन्ही सरावाने सुधारतात. संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दमसासपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जवळपास ८० टक्के सत्रं हलकी, बोलता येईल इतक्या जोराची निघाली. उरलेली खरोखर कठीण होती. हौशी मंडळी नेमकं उलटं करतात. रोज मध्यम जोर लावतात, ना विश्रांती पुरते, ना दम वाढतो. आठवड्यात दोन दिवस चढावर चार-चार मिनिटांचे जोराचे टप्पे किंवा एक वेगवान ग्रुप राइड, आणि बाकीचे दिवस संथ, इतकं पुष्कळ झालं. चाळिशीच्या पुढच्यांनी शर्यतीत उतरण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

खाण्याचा हिशेबही सोपा आहे. शरीर ग्लुकोज तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच वापरू शकतं, कारण आतड्यातली वाहक प्रथिनं तेवढंच ओढून घेतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. साध्या साखरेत ही दोन्ही निम्मी-निम्मी असतात. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळी, खजूर यावर तीन तासांची शर्यत निभावते, फक्त पोटाला त्याची सवय सरावातच लावलेली हवी.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हवेचं हे गणित बोरघाटात बदलतं. सहा टक्के चढावर ताशी १५ ने जाताना एकूण मेहनतीतला हवेचा वाटा पाच-सहा टक्क्यांवर येतो. बाकी जवळजवळ सगळी शक्ती वजन वर ओढण्यात जाते. इथे आडोसा कामाला येत नाही, किलोमागे किती वॅट हेच चालतं. म्हणून तर ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जातो आणि सडपातळ स्वार तिथे उजवे ठरतात. अंगाने भरलेला, सपाटीवर दणकट असलेला स्वार त्यावर एक युक्ती करतो. पायथ्याशी तो घोळक्याच्या अगदी पुढे पोचतो आणि चढ सुरू झाल्यावर उंबरठ्याच्या आसपास, आपल्याच चालीने चढतो. एकेक जण त्याला ओलांडत राहतो आणि माथ्यावर येईपर्यंत तो घोळक्याच्या शेवटच्या चाकापर्यंत घसरलेला असतो. पण चाक सुटलेलं नसतं, साठाही उरलेला असतो. खंडाळ्यानंतर पुण्यापर्यंतचा साठेक किलोमीटरचा रस्ता बराचसा सपाट-उताराचा आहे. घाटात एकटाच पुढे निसटलेला स्वार तिथे वाऱ्याशी एकटा झुंजतो आणि मागून आळीपाळीने ओढत येणारे दहा जण त्याला बऱ्याचदा शहरात शिरण्याआधीच गाठतात.