टोमॅटोतली परदेशी अळी अन् पीएचडीची फेलोशिप : शेतकऱ्याच्या पोरांना वाट कुठून?

जुन्नर/आंबेगाव : नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेणाऱ्या शेतकऱ्याला ‘टुटा’ हे नाव आता नवं नाही. फळाला टाचणीएवढं भोक, आत अळी, की तो माल बाजूला. पानावर वेडीवाकडी रेघ ओढते ती नागअळी. टुटा पानात मोठा चट्टा पाडते आणि फळातही शिरते. ती बटाट्यावरही जगते, त्यामुळे सातगाव पठारालाही तिची ओळख असलेली बरी.

ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतली. भारतात ती पहिल्यांदा सापडली २०१४ मध्ये, आणि तीही पुणे भागातल्या टोमॅटोवर. चार वर्षांनी, मे २०१८ मध्ये, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली अन् वर्ष संपायच्या आत महाराष्ट्रात आली. पुणे जिल्ह्याला असले पाहुणे जुनेच. आज बांधाबांधावर असलेल्या गाजरगवताची देशातली नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीसुद्धा पुण्यातलीच.

बाहेरून आलेली कीड एवढी का माजते? कारण तिला खाणारे शत्रू तिच्या मूळ देशातच राहतात. इथं तिला मोकळं रान मिळतं. मग आपण फवारणी वाढवतो, खर्च वाढतो आणि काही दिवसांत औषधही लागू पडेनासं होतं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये तो कोईमतूरला सापडला आणि पुढं महाराष्ट्रातही पोहोचला. अंगावर मेणचट पांढरा थर असल्यानं औषध आत जाईना. शेवटी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१० मध्ये प्युएर्तो रिकोतून त्याच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी मागवली. आणली अन् सोडली, असं मात्र झालं नाही. आधी तिला बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून ती दुसऱ्या उपयोगी किड्यांवर जात नाही ना, हे तपासलं. मगच ती बागांमध्ये सोडली आणि ढेकूण आटोक्यात आला. ही तपासणी किती गरजेची असते ते गाजरगवतावरून कळतं. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये सोडला गेला, पुढं तो सूर्यफुलावर दिसल्यानं मोठा वाद झाला होता.

बंदरावर, विमानतळावर रोपं-बियाणं तपासणं, नवी कीड ओळखणं, तिचा शत्रू शोधणं, या सगळ्याला मिळून ‘कृषी जैवसुरक्षा’ म्हणतात. त्यासाठी माणसं लागतात आणि ती तयार होतात पीएचडीतून.

इथंच बरीच पोरं चुकतात. गुगलवर ‘जैवसुरक्षा फेलोशिप’ शोधतात, धड काही सापडत नाही, विषय संपतो. आपल्याकडं प्रवेश मिळतो कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र किंवा कृषिविद्या (तणांसाठी) या विषयांत. परदेशी कीड किंवा तण हा प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाशी बोलून ठरतो. म्हणजे बीएस्सी ॲग्रीनंतर एमएस्सीला विषय निवडतानाच निम्मी वाट ठरते.

घरचे विचारतात, “अजून किती वर्षं शिकणार, पैसा कुठून आणायचा?” प्रश्न रास्त आहे. पण फेलोशिप मिळाली तर पीएचडीला घरातून फारसा पैसा लागत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळालं तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढं ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. विद्यापीठात एमएस्सीला पहिला नंबर आला असेल तर केंद्राच्या ‘इन्स्पायर’ फेलोशिपचा अर्ज जरूर करावा, त्यात शेतीचे विषयही बसतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेची पीएचडी प्रवेश अन् फेलोशिपसाठी वेगळी परीक्षा असते. तिचा दर आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघाव्यात.

राज्याच्या योजनांची गाडी उलटी चालते. सारथी (मराठा, कुणबी), बार्टी (अनुसूचित जाती) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) यांच्याकडं आधी पीएचडीला नोंदणी लागते, मग अर्ज. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर समाजातल्या मुलांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, देशभरात वर्षाला ७५० जागा. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. जात पडताळणीचा कागद आधीच काढून ठेवलेला बरा, ऐनवेळी त्यातच वर्ष जातं.

गोड गोडच सांगायचं तर इथं थांबता आलं असतं. पण पैसे दर महिन्याला येतीलच याचा भरवसा नाही. फेलोशिपसाठी राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आंदोलनंही केलीत. बीएस्सी ते पीएचडी नऊ वर्षं तरी जातात, अन् शास्त्रज्ञाच्या पदासाठी पुन्हा स्पर्धा परीक्षा असते. अर्थात, एमपीएससीच्या खोलीत पाच-सहा वर्षं घालवणाऱ्यालाही शाश्वती कुठं असते? इथं निदान दरमहा मानधन अन् शेवटी पदवी हातात राहते.

ज्याला हे काम जमेल की नाही ते आधी बघायचंय, त्याला लांब जायची गरज नाही. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र. शेतात अनोळखी अळी दिसली तर तिचा फोटो, तारीख आणि पिकाचं नाव लिहून ठेवा, अळी पानासकट डबीत घाला आणि तिथल्या कीटकशास्त्रज्ञाला दाखवा.