दिव्याच्या जागी डोळा ठेवला तर

दिव्याला सावली कधीच दिसत नाही. त्याच्या जागी डोळा ठेवून पाहिलं, तर जे दिसेल ते सगळं उजळलेलं. काळोख नेमका वस्तूंच्या आड. संगणकाच्या पडद्यावर सावली आपसूक पडत नाही, कारण तिथे प्रकाश नसतो, नुसते आकडे असतात. लान्स विल्यम्स यांनी 1978 साली दिव्याच्या या नजरेतूनच सावलीची वाट काढली, आणि तिचा साधेपणा पाहून मी आजही थक्क होतो.

आधी दृश्य दिव्याच्या जागेवरून बघायचं. रंग नकोत; प्रत्येक दिशेला पहिली वस्तू किती अंतरावर आहे, एवढंच टिपायचं. हा झाला शॅडो मॅप. मग कॅमेऱ्यातून चित्र काढताना प्रत्येक बिंदूचं दिव्यापासूनचं अंतर या नोंदीशी ताडून पाहायचं. समजा, टेबलावरचा एक बिंदू दिव्यापासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि त्याच दिशेची नोंद सांगते 60. म्हणजे मध्ये काहीतरी आहे, एखादा कप असेल. बिंदू सावलीत! पिक्सारच्या 1986 सालच्या ‘लक्सो ज्युनिअर’ या लघुपटातले दोन टेबललॅम्प हलतात तशा त्यांच्या सावल्याही हलतात, त्या याच पद्धतीने.

पण नोंदी असतात मोजक्या. तिरप्या पृष्ठभागाच्या एका छोट्या तुकड्याला मिळून एकच अंतर नोंदलं जातं, त्यामुळे त्याच तुकड्याचा जरा लांबचा भाग स्वतःलाच सावलीत समजतो आणि उजेडात काळे पट्टे उमटतात. ही ‘शॅडो ॲक्ने’. त्यावर उपाय म्हणून तुलनेत थोडी सूट द्यायची. ती जास्त झाली, की सावली पायापासून सुटते आणि माणूस जमिनीवर तरंगताना दिसतो.

आणि खऱ्या सावलीची कड मऊ असते! झेंड्याच्या काठीची सावली पाहा: बुडाशी रेखीव, टोकाकडे पुसट. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशातली सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी. त्यामुळे आडवी आलेली कड सावलीपासून एक मीटरवर असेल, तर सावलीची किनार साधारण 9 मिलिमीटर पुसट होते. 10 मीटरवर असेल तर 9 सेंटिमीटर. त्या किनारीतल्या मुंगीला अर्धामुर्धाच सूर्य दिसत असतो.

तो अर्धामुर्धा सूर्य मोजायचा, तर प्रत्येक बिंदूपासून दिव्याच्या वेगवेगळ्या भागांकडे किरण सोडून किती अडतात ते पाहावं लागतं. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी 1984 साली हे करून दाखवलं. चित्रपटाची एकेक चौकट सावकाश रंगवता येते. गेमला ती उसंत नाही. 1920 गुणिले 1080 ठिपके, सेकंदाला 60 चौकटी: ठिपक्यामागे एकच किरण धरला तरी सेकंदाला 12 कोटींहून अधिक. म्हणून गेममध्ये असे मोजकेच किरण सोडतात. त्यातून येणारं रवाळ चित्र शेजारच्या ठिपक्यांच्या आणि आधीच्या चौकटींच्या आधाराने गुळगुळीत केलं जातं, तेही सेकंदाच्या साठाव्या भागात.