शिक्षकांचे वाचन, वर्गाची भाषा

भाषाशिक्षकाने संशोधन वाचावे, असे सगळेच सांगतात. वाचून करायचे काय, हे क्वचितच सांगितले जाते. १९४७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेकडे याचे एक उत्तर मिळते. जेम्स ब्रिटन, हॅरॉल्ड रोझेन यांसारखे अभ्यासक आणि शाळेत शिकवणारे शिक्षक तेथे एकत्र काम करीत. १९६९ मध्ये ‘लँग्वेज, द लर्नर अँड द स्कूल’ हे पुस्तक निघाले. त्यात डग्लस बार्न्स यांनी माध्यमिक शाळेच्या पहिल्या सत्रातील तासांचे संवाद तपासले आहेत. शिक्षक प्रश्न पुष्कळ विचारतात, पण बहुतेकांची उत्तरे त्यांना आधीच ठाऊक असतात. मुलाने बोलता बोलता विचार करावा, असे प्रश्न थोडेच. पुढे १९७५ च्या बुलक अहवालाने भाषेची जबाबदारी सर्वच विषयांच्या शिक्षकांवर टाकली.

वाचनगटाचे मर्म यातून उलगडते. समोर दोन मजकूर हवेत : एक छापील लेख, दुसरा आपल्याच तासातील संवादाचे टिपण. पहिला नसेल, तर अनुभवांच्या गप्पा होतात. दुसरा नसेल, तर सिद्धान्तांची घोकंपट्टी.

मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसते, तेव्हा त्याला मराठी येत नाही, की बोलावेसे वाटेल असा प्रश्नच त्याला कोणी विचारला नाही? शिकवण्याच्या ओघात एकट्या शिक्षकाला हे जाणवणे कठीण. टिपण घेऊन चौघांत बसले, की ते ऐकू येऊ लागते.