सर्वात स्वस्त दर देणाऱ्यालाच सरकारी काम मिळतं का? समजून घ्या निविदेतल्या पात्रतेच्या अटी

रस्त्याला भेगा पडल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला की खाली कमेंट ठरलेली: 'याला काम दिलंच कोणी?' याचं उत्तर बहुतेक वेळा निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात असतं.

मोठ्या कामांसाठी साधारणपणे दोन लिफाफे असतात, आता अर्थातच ऑनलाइन. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो नापास, त्याचा दुसरा लिफाफा उघडतच नाही. म्हणजे 'सर्वात कमी दर' ही शर्यत फक्त पात्र ठरलेल्यांमध्येच होते.

पण पात्र कोण? केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. समजा, पूल 10 कोटींचा आहे. तर कंत्राटदाराने मागच्या 7 वर्षांत तशीच 4 कोटींची तीन, 5 कोटींची दोन किंवा 8 कोटींचं एक काम पूर्ण केलेलं हवं. शिवाय मागच्या 3 वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान 3 कोटी. खात्यांनुसार हे आकडे थोडे बदलतात.

खरी मेख आहे 'तशीच' या शब्दात. पुलाच्या निविदेत 'कोणतंही बांधकाम' चालेल असं लिहिलं, तर इमारती बांधणाराही आत येतो. उलट, 'अमुकच पद्धतीचा, अमुकच लांबीचा पूल' अशी अट घातली, तर एखाददुसराच उरतो. म्हणूनच अटी फार कडक नकोत, फार ढिल्याही नकोत आणि 'समान काम' म्हणजे काय ते स्पष्ट लिहा, असं आयोगाने बजावलं आहे.

आणखी एक चाळणी म्हणजे निविदा क्षमता. कंत्राटदाराने एका वर्षात केलेलं सर्वाधिक काम गुणिले नव्या कामाची मुदत गुणिले ठरावीक गुणक, वजा त्याच काळात हातात असलेली कामं. सर्वाधिक काम 6 कोटी, मुदत 2 वर्षं, गुणक 2, तर 24 कोटी. हातात 18 कोटींची कामं असतील, तर उरले 6. 10 कोटींचा पूल त्याला मिळायला नको. पण हातातल्या कामांची यादी कंत्राटदारच देतो. ती अधिकाऱ्याने पडताळली नाही, तर हे सगळं गणित कागदावरच राहतं.

महाराष्ट्रात सुरू असलेल्या निविदा 'महाटेंडर्स' पोर्टलवर दिसतात. जुन्या कामासाठी माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्यात पहिल्या लिफाफ्याचा तांत्रिक मूल्यमापन अहवाल मागा.