कर्बतंतूंचा लहान कारखाना

धार येथील लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. तिन्हींची लांबी मिळून तेरा मीटरांहून अधिक भरते आणि वजन सुमारे सात टन होते. एवढा स्तंभ एका वेळी ओतण्याची सोय त्या काळी कोणापाशीही नव्हती. लोखंडाचे लहान लहान गोळे तापवून, एकावर एक ठोकून, त्या लोहारांनी तो सांधीत नेला. लहान लहान घटक एकजीव करून मोठी वस्तू उभी करावयाची, हे त्या कामातले तत्त्व आज आपण ज्या धंद्याविषयी बोलणार आहोत त्याचेही तत्त्व आहे. फरक एवढाच की येथे ऐरण नाही, घण नाही. ठोकण्याचे काम हवा करते.

देवास जिल्ह्यात लोहारदा नावाचे गाव आहे. नाव ऐकताच भाता आणि निखारे डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा गावातील, हाताला यंत्रकामाची सवय असलेल्या दोन-तीन तरुणांनी कर्बतंतूंच्या वस्तू करण्याचा लहान कारखाना काढावयाचे मनात आणले, तर त्यांनी काय करावे?

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. स्वेटरच्या स्वस्त लोकरीत जो अॅक्रिलिक धागा असतो, त्याच जातीचा धागा ताणून धरून प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंशांपर्यंत भाजतात. मग नायट्रोजन वायूत हजार अंशांच्या वर तापवितात. जवळजवळ निम्मे वजन उडून जाते आणि मागे उरतो तो कर्ब. अशा एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातपट, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. इंग्लंडात फार्नबरो येथे त्यानंतर तीन-चार वर्षांतच ती पुढे नेण्यात आली. हा धागा तयार करणे लहान कारखान्याचे काम नव्हे. त्याचे विणलेले कापड विकत मिळते. आपले काम ते कापड साच्यावर घालून, राळेत भिजवून, तिला घट्ट करणे एवढेच. पण त्या ‘एवढेच’मध्ये सारी विद्या आहे.

या विद्येचा उपयोग कोणता, असे विचारणाऱ्यास मी विमानाचे उदाहरण देत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हैदराबादच्या प्रयोगशाळेत अग्नी क्षेपणास्त्रावर काम करीत असताना तेथील निझाम आयुर्विज्ञान संस्थेतील एक अस्थिशल्यतज्ज्ञ त्यांच्याकडे आले. क्षेपणास्त्रासाठी केलेला हलका संमिश्र पदार्थ त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि कलामांना ते आपल्या रुग्णालयात घेऊन गेले. पोलिओने अधू झालेली मुले तेथे सुमारे तीन किलो वजनाचे लोखंडी आधार पायांना बांधून फरफटत चालत होती. प्रयोगशाळेने तेच आधार संमिश्र पदार्थाचे करून दिले. वजन भरले तीनशे ग्रॅम. हे काम पुढे नेणारे हात मोठ्या प्रयोगशाळेतच असावे लागतात असे नाही. एखाद्या जिल्ह्याच्या गावी तीन माणसांचा कारखाना ते करू शकतो, मात्र तो नीट मांडलेला असला पाहिजे.

आता जागा. सहा मीटर रुंद व दहा मीटर लांब एवढी शेड पुरते. तिची विभागणी मात्र जन्माची आहे. कापड एका टोकाने आत यावे, तयार वस्तू दुसऱ्या टोकाने बाहेर जावी, मध्ये कोठेही मागे फिरू नये. पहिल्या खोलीत कापड ठेवणे व कापणे. दुसरीत साचे व राळ. त्यापुढे भट्टी. आणि घासणे-कापणे भिंतीपलीकडे, स्वतंत्र दाराच्या खोलीत. ही भिंत वाचविण्याचा मोह अनेकांना होतो. पण कर्बाची धूळ विजेची वाहक आहे. ती मोटारीत आणि विजेच्या फळीत शिरली की आतल्या आत जोड होतो आणि ठिणगी पडते. ताज्या साच्यावर बसली तर पृष्ठभाग खराब होतो. माणसाच्या श्वासात गेली तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून कापणे शक्य तेथे पाण्याखाली, अन्यथा तोंडाशी धूळ ओढणारे यंत्र लावून, आणि नाकावर चांगली मुखपट्टी बांधूनच करावे.

यंत्रांपैकी सर्वांत आधी हवा ओढणारा पंप घ्यावा. साच्यावर कोरडे कापड अंथरावयाचे, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा कडेने चिकटवून बंद करावयाचा, आणि आतली हवा ओढून घ्यावयाची. बाहेरची हवा मग पडदा दाबून धरते. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून थोडे उंच असल्यामुळे तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. तरीही एक चौरस मीटर जागेवर साडेनऊ टनांचा भार पडतो. एवढा दाब देणारी मशीन विकत घेऊ लागलात तर शेतजमीन गहाण पडेल. हवा तो फुकट देते. या पोकळीतच एका नळीने राळ आत सोडली की ती कापडात आपोआप पसरते.

याचा हिशेब असा आहे. चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या कापडाचे पाच थर घेतले तर कापड एक किलो. पोकळीच्या पद्धतीने त्यात साधारण ६७० ग्रॅम राळ राहते आणि एक मिलिमीटरहून थोडा जाड पत्रा मिळतो. तेच काम ब्रशाने, हाताने केले तर राळ सहज एक किलो जाते. जादा तीनशे तीस ग्रॅम राळेने वस्तूची ताकद वाढत नाही. वाढते ते वजन आणि खर्च. तेवढ्याच जाडीचा पोलादी पत्रा नऊ किलोंच्या आसपास भरतो, तो मुद्दा वेगळाच.

पडदा बंद केल्यावर पंप थांबवून दहा मिनिटे दाबमापकाकडे पाहत बसावे. काटा हलला तर कोठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत राळ कालवू नये. दहा मिनिटांचा हा कंटाळा जो सहन करतो त्याचा माल टिकतो. आणि वीज? ती जाणारच. पंप व साचा यांच्यामध्ये एक रिकामी लोखंडी टाकी आणि परत हवा येऊ न देणारी झडप बसवावी; म्हणजे वीज गेली तरी पोकळी काही काळ टिकून राहते. ही टाकी कोणताही गावचा वेल्डर करून देईल.

हवामानाचा विचार वेगळा करावा लागतो. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या दुखण्याने देवासला आले ते तेथील कोरड्या हवेसाठी. ही कोरडी हवा राळेलाही मानवते. दमट हवेत राळेच्या पृष्ठावर तेलकट, चिकट पापुद्रा धरतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत म्हणून कापड व राळ बंद कपाटात, आत एक दिवा पेटता ठेवून, जपावी. उन्हाळ्याचे संकट उलट. तपमान दहा अंशांनी वाढले की कालवलेली राळ हाताशी राहण्याचा वेळ सुमारे निम्मा होतो. वैशाखात दुपारी मोठा डबा एकदम कालविला तर तो स्वतःच्याच उष्णतेने धुरावतो. असा डबा उघड्या अंगणात नेऊन ठेवावा, झाकण लावू नये. कामाची खरी वेळ पहाटेची. शेतकऱ्याच्या घरी हे शिकवावे लागत नाही.

भट्टीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. विमानाच्या भागांसाठी दाबाखालची मोठी भट्टी लागते, आणि नवशिका तरुण प्रथम तिचीच किंमत विचारतो. ती घेऊ नये. जस्ताच्या पत्र्याची दुहेरी पेटी, मध्ये खनिज लोकर, आत तापणारी तार, हवा फिरविणारा पंखा आणि तपमान राखणारा नियंत्रक एवढ्यावर काम भागते. साठ ते ऐंशी अंशांपर्यंत, तासाला दहा-पंधरा अंशांनी, सावकाश चढवावे. मापक हवेत टांगू नये, वस्तूला लावावा. ही पायरी गाळली तर मालाचे बिंग ज्येष्ठात फुटते : नुसत्या खोलीच्या उष्णतेवर घट्ट झालेली वस्तू उन्हात उभ्या मोटारीत मऊ पडते.

राळेबरोबर येणारे जे दुसरे द्रव्य तिला घट्ट करते, ते कातडीला वारंवार लागले तर खाज आणि पुरळ येतो. काहींच्या शरीराला त्याचे एकदा वावडे जडले की ते आयुष्यभर राहते आणि त्या कारागिराला धंदाच सोडावा लागतो. हातमोजे हा कारखान्यातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

शेवटी, करावयाचे काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग नांगर. १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला तो त्यानंतर. गिऱ्हाईक आधी ओळखावे, यंत्र मागून घ्यावे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे मोटारींचे कारखाने आहेत; २०२१ साली तेथे सव्वाअकरा किलोमीटर लांबीचा वेगवान चाचणीमार्गही सुरू झाला. अशा ठिकाणी हलकी पकड-साधने, यंत्रांची झाकणे, मापनाचे साचे यांना मागणी मिळण्याचा संभव आहे. गोव्यात पिळर्णच्या कायनेको कंपनीने रेल्वेच्या डब्यांच्या अंतर्भागापासून विमानाच्या भागांपर्यंत मजल मारली, ती याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे.

सायकलीचे हँडल किंवा शिरस्त्राण मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पोलाद वाकून इशारा देते. कर्बाचा पत्रा आतल्या आत थर सोडतो आणि एक दिवस अवचित मोडतो. रोल्स रॉइससारख्या कंपनीने जेट इंजिनासाठी कर्बतंतूंची पाती केली. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. पाती टायटॅनियमची करावी लागली, आणि त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाने १९७१ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रत्येक साच्यातून निघालेल्या मालाबरोबर त्याच कापडाची, त्याच राळेची एक पट्टी करावी, तिच्यावर तारीख, तपमान व थरांची दिशा लिहावी, आणि ती वजन टांगून मोडून पाहावी. मोडलेल्या पट्ट्या फेकू नयेत. त्या तारीखवार दोरीला ओवून भिंतीवर टांगाव्यात. नवे गिऱ्हाईक आले की प्रथम त्याच दाखवाव्यात.