नायकाविना चाललेला कारभार

१९४२ च्या ९ ऑगस्टला, पहाटेच्या अंधारातच मुंबईत गांधीजी, नेहरू, पटेल, आझाद प्रभृती पुढारी पकडले गेले, गांधीजींची रवानगी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांची अहमदनगरच्या किल्ल्यात झाली, तेव्हा सरकारदरबारचा हिशेब अगदी सरळ होता: शिर छेदले की धड आपोआप कोसळते. आदल्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर संमत झालेल्या ठरावाने मात्र या प्रसंगाची तरतूद आधीच करून ठेवली होती. वरून आदेश येणे अशक्य झाल्यास ठरावाच्या चौकटीत राहून प्रत्येक स्त्रीपुरुषाने स्वतःच स्वतःचा मार्गदर्शक व्हावे, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय होता. आणि इतका धाडसी मजकूर काँग्रेससारख्या शिस्तप्रिय, समित्या-उपसमित्यांत रमणाऱ्या संस्थेच्या दफ्तरात त्यापूर्वी क्वचितच दाखल झाला असेल.

कागदावरचे हे स्वातंत्र्य आचरणात आणणे किती अवघड होते, याची प्रचीती मुंबईतच आली. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे मोजके सहकारी यांनी त्याच ऑगस्ट महिन्यात उभारलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवीत या घरातून त्या घरात हलत होते आणि सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोचवीत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यावर धाड घातली, ती शोधयंत्रांच्या करामतीपेक्षा आतल्याच एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. शहरातल्या चळवळीची ही मूळ अडचण होती. जो माणूस कामाला हवा असतो त्याचे कूळमूळ ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याइतकी सवड पोलीस देत नाहीत.

याच काळात सातारा जिल्ह्यात जे घडले त्याचा ओघ निराळा होता. (त्या वेळच्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्याचे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके मोडत.) ऑगस्टच्या अखेरीपासून तालुक्याच्या कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे निःशस्त्र मोर्चे जाऊ लागले. ३ सप्टेंबरला तासगावात तर मोर्चेकऱ्यांनी खुद्द मामलेदारांना गांधी टोपी घालून तिरंग्याला वंदन करावयास लावले. ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या गोळीबाराने किर्लोस्करवाडीचे तरुण अभियंते उमाशंकर पंड्या यांचा बळी घेतला. उघड्या मोर्चांचे दिवस सरले, हे त्यानंतर कोणी कोणास सांगावे लागले नाही. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ च्या मध्यापासून त्यांच्या हालचालींना जे रूप आले, त्यास लोक 'प्रतिसरकार' म्हणू लागले.

या प्रतिसरकारचे नाव घेताच क्रांतिसिंह नाना पाटील डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते यथायोग्यच आहे. १९३० साली तलाठ्याची चाकरी सोडून चळवळीत पडलेल्या, सत्यशोधकी संस्कारांत वाढलेल्या या पुरुषाच्या रांगड्या वाणीने जिल्हा हलविला होता. परंतु नाना पाटील हे त्या राज्याचे निशाण होते, कारभारी नव्हते. कारभार गटागटांतून चाले: कुंडलच्या बाजूस जी. डी. लाड, वाळव्याकडे नागनाथ नायकवडी, उत्तरेस किसन वीर, आणि यांच्या जोडीला प्राथमिक शाळा सोडून आलेले कितीतरी मास्तर. एखादा गट पकडला गेला तरी शेजारचा तसाच उभा राही, कारण त्याचे अन्नपाणी आणि त्याचे निर्णय दुसऱ्या कोणावर अवलंबून नव्हते. माझ्या मते 'नेतृत्वहीन' हे विशेषण अशा चळवळींना लावणे ही निरीक्षकाची दृष्टिमंदता आहे. त्याला दुरून एकही डोके दिसत नाही, कारण डोकी पुष्कळ असतात आणि ती एकमेकांच्या उंचीची असतात.

कुंडलची भूमीही या कामी उपकारक ठरली. ते गाव इंग्रजी अंमलाखाली नसून औंध संस्थानात होते, आणि औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये, गांधीजी व मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने, आपली राजसत्ता प्रजेच्या स्वाधीन करून गावोगाव निवडलेल्या पंचांच्या हाती स्थानिक कारभार दिला होता. संस्थानी हद्दीचा भूमिगतांना आसरा म्हणून उपयोग झाला, हे तर खरेच. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, चावडीवर पंचांनी बसून सर्वांसमक्ष निवाडा करायचा, ही रीत तिथल्या माणसांना अपरिचित राहिली नव्हती. प्रतिसरकारची 'न्यायदान मंडळे' पुढे ज्या गावांतून बसू लागली, तिथे दिवाणी कचेरीचे उंबरठे आणि वकिलांची बिले यांना कंटाळलेला शेतकरी बांधाचे, वाटणीचे, सावकारीचे तंटे त्यांच्यापुढे नेई. निवाडा उघड्यावर होई, आणि तो देणारा माणूस कोणाचा कोण हे ऐकणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे.

विश्वासाचा पाया इथे होता. भूमिगताला रात्री भाकरी घालणाऱ्या घराला जप्तीचे, मारहाणीचे, तुरुंगाचे भय असे. तरीही दार उघडे, कारण आलेला पाहुणा चुलत्याचा मेहुणा किंवा मामेभावाचा वर्गमित्र निघे. भावकी आणि सोयरीक यांच्या या जाळ्यात बायकांचा वाटा इतिहासाने फार उशिरा मोजला. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीबाहेर 'नवऱ्याकडून' खराखुरा मार खाण्याचे नाटक वठविले; पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले आणि सहकाऱ्यांनी आतली हत्यारे लांबविली. नवऱ्याची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याने हात आखडता घेतला असता तर तो डाव फसला असता.

मात्र भावकीचा विश्वास भावकीच्या मर्यादेतच सुखाने नांदतो. या चळवळीचा कणा बहुजन शेतकऱ्यांचा, त्यातही विशेषेकरून मराठा कुळांचा होता. इतर जातींची माणसे तीत होती, परंतु ज्याचे सोयरे गावच्या सत्तेत नव्हते त्याला हे राज्य तितक्याच सहजतेने आपले वाटत असेल का, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चळवळीची सत्यशोधकी मुळे दाखविली आहेत आणि ती खरी आहेत. पण मुळे एक आणि रोजची वहिवाट एक.

पैशाची बाब आणखी नाजूक. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून ती रक्कम घेण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडे, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिन्याचे सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत झाले, आणि त्या कामी साताऱ्याच्या माणसांना खानदेशातल्या अपरिचित सहकाऱ्यांवर जिवाचा हवाला ठेवावा लागला. रकमेला हात लागताच सत्याग्रही आणि दरोडेखोर यांतील रेषा पुसट होते. साताऱ्यात तर गोंधळाचा फायदा घेऊन खरे दरोडेखोरही मोकाट सुटले होते, आणि प्रतिसरकारने त्यांचा बंदोबस्त केला तेव्हाच त्याची पत गावांत वाढली, असे मला वाटते. गोऱ्या साहेबाशी झुंज देणारा शूर ठरतो. पण रात्री गोठ्यातली जनावरे सुरक्षित ठेवणाऱ्याचे ऐकले जाते.

याची काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही. खबऱ्यांना आणि गावगुंडांना तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा होती. बैलाला ठोकतात तशी पत्री माणसाच्या पायाला ठोकतात, ही वदंता त्यातून पसरली आणि 'पत्री सरकार' हे नाव चिकटले. फितुरीचा संशय हा भूमिगत जीवनाचा नित्य सोबती असतो, आणि जिथे अपील नाही तिथे जुने वैर संशयाचा वेष घेऊन येण्याचा धोका कायम राहतो. मंडळापुढे गुन्हा ऐकून घेण्याची रीत हा त्यावरचा एक अटकाव होता, पुरता उपाय नव्हे.

मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचे आवाहन केले. देशभरातून अनेकांनी ते मानले. साताऱ्याने बहुतांशी मानले नाही. अहिंसेच्या तत्त्वाशी याचा मेळ कसा घालावयाचा, हा वाद तेव्हाही मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. पण गांधीजींवर निस्सीम श्रद्धा असणाऱ्या माणसांनी त्यांचाच ठराव त्यांच्याविरुद्ध पुढे करावा, यातला विनोद त्या थोर पुरुषाच्या नजरेतून सुटला नसावा. स्वतःच स्वतःचे मार्गदर्शक व्हा, असे १९४२ मध्ये सांगितले गेले होते. ते झाले होते.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना पाटील उघड्यावर आले. पुढे माणसे पांगली: नाना पाटील आणि जी. डी. लाड डाव्या पक्षांकडे, १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निसटलेले वसंतदादा पाटील काँग्रेसमध्ये, नागनाथ नायकवडी आपल्याच वाटेने. एकमेकांविरुद्ध त्यांनी निवडणुका लढविल्या. तरीही सांगलीचा वसंतदादांचा कारखाना, वाळव्याचा फेब्रुवारी १९४६ मध्ये पडलेल्या किसन अहिरांच्या नावाचा, आणि कुंडलचा लाडांचा, असे सहकारी साखर कारखाने याच मुलखात उभे राहिले, तेव्हा भागभांडवलासाठी ज्या दारांवर हाक गेली, त्यांतली कित्येक दारे भूमिगतांच्या पायाखालची होती. शेअरची रक्कम पदरात टाकताना शेतकऱ्याने संस्थेच्या घटनेची कलमे वाचली नाहीत. मागायला कोण आला आहे, एवढे पाहिले.