मॅनिकॉटी की ‘मॅनिगॉट’?

मंडळी, आता मॅनिकॉटीकडे येऊ. इटालियन-अमेरिकन घरांतला हा सणासुदीचा, रविवारच्या जेवणाचा पदार्थ. पास्त्याच्या जाड नळ्या घ्यायच्या, त्यात रिकोटा, मोझरेला, अंडं आणि पार्सली यांचं सारण भरायचं, वर टोमॅटोचा सॉस ओतून भट्टीत भाजायचं. रिकोटा म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी पुन्हा तापवून काढलेलं मऊ चीज. बऱ्याच आज्या तर नळी वापरतच नाहीत. मैदा-अंड्याची पातळ धिरडी करून त्यांत सारण गुंडाळतात.

‘मानिका’ म्हणजे बाही, त्यावरून हे नाव आलं. गंमत अशी की आजच्या इटलीत ‘मानिकोत्तो’ म्हटलं तर गाडीच्या रेडिएटरचा रबरी पाइपही डोळ्यांसमोर येतो. भरलेल्या नळ्या हव्या असतील तर तिथे ‘कानेलोनी’ मागायची.

बरं, न्यू जर्सीतली जुनी मंडळी तर ‘मॅनिकॉटी’ही म्हणत नाहीत, ‘मॅनिगॉट’ म्हणतात. रिकोटाचं होतं ‘रिगॉट’. १९९९ ते २००७ या काळात चाललेल्या ‘द सोप्रानोज’ मालिकेमुळे ‘कापोकोलो’ या मांसाचं ‘गबगूल’ जगभर पोचलं आणि लोकांना वाटलं, हे अमेरिकेत बिघडलेलं इटालियन आहे.

पण तसं नाहीये. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेतले. इटली एक देश झाला १८६१मध्ये. प्रमाण भाषा टस्कनीच्या बोलीवर उभी राहिलेली. ही माणसं घरात नेपल्सकडच्या, सिसिलीच्या बोली बोलायची. नेपल्सकडच्या बोलींत शेवटचा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही आणि ‘क’ पुष्कळदा ‘ग’कडे झुकतो. म्हणजे ‘मॅनिगॉट’ हा त्या बोलींचाच ठसा आहे.

१९२४च्या कायद्याने येणाऱ्यांची संख्या एकदम घटली. इटलीत शाळा, रेडिओ, टीव्हीने प्रमाण भाषा घरोघरी नेली. इकडे नातवंडं इंग्रजी बोलू लागली. तंजावरच्या मराठीतही जुनी रूपं अशीच टिकली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच, की तिथे बोली शिल्लक आहे. न्यू जर्सीत बहुतेक घरांत बोली गेली, पदार्थांची नावं तेवढी उरली.

म्हणून एखादा नातू ‘मॅनिगॉट’ म्हणाला तर त्याला सुधारायची घाई करू नका. पणजीच्या भाषेतले तेवढेच चार शब्द त्याच्याकडे आहेत.